गूगल मॅप्सचे बदललेले रूप आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारींमधील तथ्य

2023 च्या अखेरच्या महिन्यांत गूगल मॅप्सने आपल्या नकाशाचे रंग बदलले. पूर्वी पिवळे आणि पांढरे दिसणारे रस्ते राखाडी झाले, पाण्याचा निळा रंग फिका होऊन किंचित हिरवटपणाकडे झुकला आणि उद्याने व जंगले पुदिन्याच्या पानासारख्या थंड छटेत गेली. रस्त्यांची नावे तीच राहिली, मार्ग शोधण्याची रीत तीच राहिली, माहितीतही काही उणे झाले नाही; तरीही वापरणाऱ्यांची नाराजी इतकी तीव्र होती की, लोकांना कोणताच बदल रुचत नाही आणि चार दिवसांत सगळे निवळेल, असे म्हणून अनेकांनी तो विषय संपवला. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. नकाशातला रंग हा मजकुराचाच भाग असतो, कारण हमरस्ता कोणता, गल्ली कोणती, नदी कुठे वळते आणि मैदान कुठे संपते हे वाचणारा एकही अक्षर न वाचता केवळ रंगावरून ठरवतो. म्हणून ऑनलाइन नकाशाच्या नव्या रूपाचे परीक्षण करताना ते डोळ्यांना सुखावते का, एवढेच विचारून भागत नाही. पूर्वी नजरेच्या एका फेरीत जे कळत होते ते आजही तितक्याच सहज कळते का, हे तपासावे लागते. आणि या कामी वापरणाऱ्यांच्या तक्रारी हाच आपल्या हाती असलेला सर्वांत विश्वासार्ह पुरावा असतो.

तक्रारी वाचण्याचीही एक रीत असते. नवे रूप परके वाटते, उदास वाटते, जुने बरे होते, अशा स्वरूपाची तक्रार बहुतांशी सवयीतून येते आणि डोळे सरावले की ती मागे पडते. पण गाडी चालवताना समोरच्या दोन रस्त्यांपैकी मोठा कोणता हे कळत नाही, किंवा दोन ठिकाणांमधले सरळ अंतर मोजण्याची सोय नाहीशी झाली आहे, असे जेव्हा कोणी लिहितो तेव्हा तो एक विशिष्ट काम आणि एक विशिष्ट क्षण सांगत असतो. अशी तक्रार महिन्याने पुन्हा वाचली तरी तितकीच खरी असते. गूगल मॅप्सच्या आजवरच्या मोठ्या बदलांवर जे बोलले गेले ते या कसोटीवर घासून पाहिले, तर कोणता बदल सुधारणा होता आणि कोणता नव्हता, हे बऱ्यापैकी स्पष्ट होते.

त्यासाठी आधी या नकाशाची घडण समजून घ्यायला हवी. गूगल मॅप्स 8 फेब्रुवारी 2005 रोजी सुरू झाले. त्यापूर्वीच्या मॅपक्वेस्टसारख्या सेवांमध्ये नकाशा जरासा सरकवायचा असला तरी कडेच्या बाणावर टिचकी मारून नवे चित्र येण्याची वाट पाहावी लागत असे. गूगलने मात्र नकाशा माऊसने धरून हवा तसा ओढण्याची सोय दिली. त्यासाठी जगाचा नकाशा 256 बाय 256 पिक्सेलच्या चौकोनी चित्रांत कापून ठेवलेला असे, आणि वापरणारा नकाशा ओढत असतानाच पुढचे तुकडे मागवले जात. झूमच्या प्रत्येक पायरीला या तुकड्यांची संख्या चौपट होते. शून्याव्या पायरीवर सगळे जग एका तुकड्यात मावते, तर अठराव्या पायरीवर त्याच जगासाठी 6,871 कोटींहून अधिक तुकडे लागतात. ही संख्या मी मुद्दाम सांगतो आहे, कारण त्या काळात नकाशाचा रंग बदलणे म्हणजे ही अगणित चित्रे नव्याने रंगवून घेणे होते. पुढे मोबाइलवर 2010 च्या अखेरीस आणि संगणकावर 2013 च्या नव्या आवृत्तीपासून नकाशा व्हेक्टर पद्धतीने येऊ लागला. या पद्धतीत तयार चित्राऐवजी रस्त्यांच्या रेषा, इमारतींच्या कडा आणि नावे यांची माहिती पाठवली जाते आणि प्रत्यक्ष चित्र वापरणाऱ्याच्या यंत्रावर काढले जाते. त्यामुळे रस्ता पिवळा असावा की राखाडी हे आता एका नियमाने ठरते, आणि तो नियम बदलला की जगभरचे रस्ते एकाच वेळी बदलतात. रूपबदल इतका सोपा झाल्यामुळेच तो वारंवार होऊ लागला, असे मला वाटते. या सोयीची दुसरी बाजूही आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

वापरणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठी उलथापालथ 2013 मध्ये झाली. त्या वर्षीच्या मे महिन्यात कंपनीने संगणकावरील नकाशाचे संपूर्ण नवे रूप जाहीर केले आणि 2014 च्या प्रारंभी ते सर्वांसाठी लागू करण्यास सुरुवात केली. डावीकडचा रुंद पांढरा पट्टा गेला, नकाशाने सगळा पडदा व्यापला आणि शोधपेटी वरच्या डाव्या कोपऱ्यात तरंगू लागली. मूळ कल्पना उत्तम होती आणि आजही ती टिकून आहे. नकाशा पाहायला आलेल्या माणसाला जास्तीत जास्त नकाशा दिसावा यात गैर काहीच नाही. ज्यांना एखादा पत्ता शोधायचा होता किंवा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचे होते, त्यांना नवे रूप हलके आणि मोकळे वाटले.

असंतोष निर्माण झाला तो नकाशाचा वापर कामासाठी करणाऱ्यांमध्ये. नवी आवृत्ती प्रथम आली तेव्हा तीत एकापेक्षा अधिक थांबे घालून मार्ग आखण्याची सोय नव्हती. रस्त्यावरील छायाचित्रे पाहण्यासाठी नकाशावर उचलून ठेवायचा पिवळा माणूस, ज्याला पेगमन म्हणतात, तोही दिसेनासा झाला होता. अंतर मोजण्याचे साधन तर दीर्घकाळ आलेच नाही. दिवसभरात सहा ठिकाणी माल पोहोचवणाऱ्याला किंवा दोन बिंदूंमधले सरळ अंतर नोंदवणाऱ्याला या गोष्टी म्हणजे रोजची अवजारे होती, आणि हत्यारपेटी नवी व सुबक असली तरी तिच्यात पक्कडच नसेल तर कारागीर ती कशी स्वीकारणार? त्याच्या जोडीला वेगाची तक्रार होती. नव्या आवृत्तीचे चित्रण वेबजीएल या, ब्राउझरमध्येच चित्र काढणाऱ्या तंत्राने होत असल्याने सगळा भार वापरणाऱ्याच्या ग्राफिक्स यंत्रणेवर पडत असे आणि जुन्या संगणकांवर नकाशा अडखळत चाले. ज्यांचे संगणक नवे होते त्यांना ही तक्रार खोटी वाटे. वास्तविक दोघेही आपापल्या यंत्रासमोर बसून खरेच सांगत होते.

यातून पुढे काय घडले ते पाहिले की या तक्रारींचे मोल कळते. थांब्यांची सोय आणि पेगमन हे दोन्ही 2013 संपण्यापूर्वी परत आले. अंतर मोजण्याचे साधन 2014 च्या जुलैमध्ये आले. जुन्या यंत्रांसाठी हलकी आवृत्ती उपलब्ध झाली, आणि ज्यांना मूळ नकाशाच हवा होता त्यांच्यासाठी तो 2015 पर्यंत चालू ठेवला गेला. म्हणजे ज्या तक्रारींत विशिष्ट काम सांगितले होते त्या बहुतेक मान्य झाल्या. मग ही साधने तयार होईपर्यंत नवे रूप सर्वांपुढे आणण्याची घाई का केली, हा माझा आक्षेप कायम आहे. तरीही संक्रमणाच्या काळात जुनी आवृत्ती वापरण्याची मुभा दिली होती, याबद्दल कंपनीला श्रेय द्यायलाच हवे. पुढच्या बहुतेक बदलांत तेवढीही उदारता उरली नाही.

2016 च्या जुलैमध्ये रस्त्यांच्या कडेच्या रेषा काढून टाकल्या गेल्या आणि दुकाने, उपाहारगृहे यांची दाटी असलेल्या भागांना फिकट केशरी छटा दिली गेली. रेषा गेल्याने नकाशा स्वच्छ झाला हे खरे. केशरी छटेवर मात्र एक योग्य प्रश्न विचारला गेला, तो असा की, एखादा भाग पाहण्याजोगा आहे हे केवळ तिथल्या व्यापारी गजबजीवरून ठरवले, तर जुनी वस्ती, वाचनालय किंवा नदीकाठ असलेला शांत भाग नकाशावर कायम फिकाच राहणार.

2018 च्या ऑगस्टमध्ये संगणकावर पूर्ण झूम कमी केल्यावर सपाट नकाशाऐवजी पृथ्वीचा गोल दिसू लागला, आणि हा बदल मला निःसंशय चांगला वाटतो. गोल पृथ्वी सपाट पडद्यावर मांडण्याच्या मर्केटर प्रक्षेपण या पद्धतीत ग्रीनलँड आफ्रिकेएवढे भासते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे 14 पट मोठी आहे. गल्लीबोळांच्या पातळीवर मर्केटर उपयोगी पडते, कारण त्यात कोन बिघडत नाहीत आणि काटकोनात मिळणारे रस्ते काटकोनातच दिसतात; जगाच्या पातळीवर मात्र तेच प्रक्षेपण दिशाभूल करते. ज्या पातळीवर जे योग्य ते तिथे वापरले गेले, आणि ज्याला गोल नको असेल त्याला तो बंद करण्याची सोयही मिळाली. बदलाचे कारण वापरणाऱ्याला पडद्यावरच दिसत असले, तर त्याची समजूत घालावी लागत नाही.

इथे एक फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण नकाशांविषयीच्या चर्चेत तो हमखास पुसला जातो. 2012 च्या सप्टेंबरमध्ये ॲपलने आपल्या फोनवर स्वतःचा नकाशा आणला तेव्हा जो गदारोळ झाला, तो रचनेविषयीचा नव्हता. दिसायला तो नकाशा नेटका होता. त्यातील माहिती चुकीची होती. ऑस्ट्रेलियातील मिल्ड्यूरा हे शहर त्यावर प्रत्यक्ष जागेपासून सुमारे 70 किलोमीटर दूर, मरे-सनसेट राष्ट्रीय उद्यानाच्या निर्जल प्रदेशात दाखवले गेले होते आणि त्यावर विसंबून निघालेले लोक तिथे अडकल्यामुळे स्थानिक पोलिसांना डिसेंबरमध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. तापमान 46 अंशांपर्यंत जाऊ शकणाऱ्या त्या भागात हा जिवाशी खेळ होता. ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी 28 सप्टेंबर 2012 च्या पत्रात माफी मागितली आणि सुधारणा होईपर्यंत प्रतिस्पर्ध्यांचे नकाशे वापरण्याचा सल्लाही दिला. माहितीतील चूक दुरुस्त झाली की ती तक्रार संपते. रचनेतील दोष मात्र अचूक माहितीवरही पडदा टाकतो आणि तो दाखवून देणे अवघड असते, कारण बोट ठेवावे अशी चूक नकाशावर कुठेच नसते. 2023 च्या रंगबदलावरील नाराजी या दुसऱ्या प्रकारची आहे, आणि म्हणूनच ती इतक्या सहज झटकली गेली.

आता त्या रंगबदलाकडे वळतो. त्याच्या बाजूने एक सबळ मुद्दा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. रहदारी दाखवण्यासाठी नकाशा हिरवा, नारिंगी आणि लाल हे रंग वापरतो. रस्ते मुळातच पिवळे असतील तर त्यांवर नारिंगी पट्टा पटकन उठून दिसत नाही. रस्ते राखाडी केले की रहदारीचे रंग आणि आखलेल्या मार्गाची निळी रेषा ठळक होतात. ज्याने मार्ग आखून घेतला आहे आणि जो केवळ सांगितल्याप्रमाणे वळणार आहे, त्याला नवे रंग उपयुक्तच वाटतील. नकाशे बनवणाऱ्यांचा हा जुना नियमही आहे की पार्श्वभूमी शांत असावी आणि मुख्य गोष्ट बोलकी.

पण नकाशा वापरणारा प्रत्येक जण मार्ग आखून निघालेला नसतो. अनोळखी भागाची रचना समजून घेण्यासाठी, राहण्याची जागा निवडण्यापूर्वी तिथला परिसर न्याहाळण्यासाठी, किंवा नुसतेच कुतूहलाने नकाशा वाचणारे असंख्य लोक आहेत, आणि त्यांच्या दृष्टीने रस्त्यांचे जाळे हीच मुख्य गोष्ट असते. जुन्या नकाशात मोठा रस्ता रंगाने आणि जाडीने, अशा दोन्ही खुणांनी वेगळा पडत असे. नव्या नकाशात मोठे रस्ते किंचित गडद, निळसर राखाडी आहेत आणि लहान रस्ते फिके राखाडी. म्हणजे रंगाची खूण जवळजवळ गेली आणि सगळा भार जाडीवर व गडदपणाच्या थोड्याशा फरकावर आला. भर उन्हात धरलेल्या फोनच्या पडद्यावर सर्वांत आधी हरवतो तो हाच थोडासा फरक. पाणी आणि उद्याने यांच्या छटा एकमेकींजवळ आल्यामुळे नदीकाठची बाग आणि नदी यांतील सीमा पूर्वीइतकी झटकन डोळ्यांत भरत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे 8 टक्के लोकांना लाल-हिरव्या रंगांतील फरक ओळखण्यात अडचण असते; वय वाढते तशी फिक्या छटांमधील फरक टिपण्याची क्षमताही सर्वांचीच कमी होते. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी 2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.1 या मानकांत अर्थ सांगणाऱ्या चित्रघटकांसाठी शेजारच्या रंगाशी किमान 3:1 इतका उठाव, म्हणजे उजळपणातील फरक, असावा असे म्हटले आहे. नकाशातील प्रत्येक रेषेला हा नियम लावणे अशक्य आहे हे मी जाणतो, तरी त्यामागचा हेतू या बदलात किती गांभीर्याने घेतला गेला असेल, याविषयी मला शंका आहे.

या नाराजीत एक आवाज विशेष वजनाचा होता. त्याआधी सुमारे 15 वर्षे गूगल मॅप्सच्या रचनेवर स्वतः काम केलेल्या एलिझाबेथ लाराकी यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीरपणे लिहिले की नवा नकाशा अधिक थंड, कमी अचूक आणि माणसापासून दुरावलेला वाटतो. त्यांनी मांडलेला दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. रंग बदलण्याची संधी घेतली होती तर ती नकाशावर साचलेली गर्दी उपसण्यासाठी घ्यायला हवी होती, असे त्यांचे म्हणणे होते आणि नकाशा झाकणारे 11 वेगवेगळे घटक त्यांनी मोजून दाखवले होते. शोधपेटी, तिच्याखाली उपाहारगृहे आणि पेट्रोलपंप यांसारख्या वर्गांची आडवी रांग, नकाशाचा प्रकार बदलणारे थरांचे बटण, स्वतःचे स्थान दाखवणारे बटण, दिशांचे बटण, खालून डोकावणारे कार्ड आणि सर्वांत खाली टॅबची पट्टी, एवढे सगळे हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर मांडल्यावर नकाशासाठी उरते ती एक खिडकी. 2013 च्या रूपबदलाचे तत्त्व नकाशाला मोकळी जागा देण्याचे होते. दहा वर्षांत ती जागा एकेका बटणाने परत घेतली गेली. 2020 मध्ये खालच्या पट्टीवर पाच टॅब आले होते, ते 2024 मध्ये तीनवर आणले गेले. ही दिशा योग्य आहे, पण वरच्या बाजूची दाटी अजून तशीच आहे.

बदल लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या पद्धतीविषयीही बोलायला हवे. नवे रूप टप्प्याटप्प्याने दिले जाते, त्यामुळे शेजारी बसलेल्या दोघांच्या फोनवर काही आठवडे दोन वेगळे नकाशे असू शकतात. चाचणी म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण घरातील वडीलधाऱ्यांना फोनवरून नकाशा समजावून सांगणाऱ्याला विचारा. पिवळ्या रस्त्याने सरळ जा असे त्याने सांगावे आणि पलीकडे एकही पिवळा रस्ता नसावा, यात त्या बिचाऱ्या ऐकणाऱ्याचा काय दोष?

याच्याशी तुलना करण्याजोगे एक उदाहरण ओपनस्ट्रीटमॅपचे आहे. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या लोकसहभागाच्या नकाशात रस्त्यांचे रंग ब्रिटिश पद्धतीचे होते. मोटरवे, म्हणजे द्रुतगती महामार्ग, निळे, त्याखालचे प्रमुख रस्ते हिरवे. निळा मोटरवे दूरवरून नदीसारखा दिसे आणि हिरवा रस्ता जंगलात बुडून जाई. 2015 मध्ये ही रंगसंगती बदलून लाल, नारिंगी, पिवळा आणि पांढरा असा उतरता क्रम आणला गेला. तिथेही जुन्याची सवय असलेल्यांनी विरोध केला. परंतु बदलामागची कारणे, पर्यायी छटांचे नमुने आणि त्यांवरील आक्षेप हे सगळे उघडपणे मांडले गेले होते, आणि ज्याला मुख्य नकाशा पटत नसेल त्याला त्याच संकेतस्थळावर सायकलमार्गांचा, सार्वजनिक वाहतुकीचा किंवा मदतकार्यासाठी तयार केलेला वेगळा थर निवडता येत होता. रस्त्यांची उतरंड रंगातूनच सांगायची, हे तत्त्व त्या बदलात अधिक पक्के झाले. गूगलच्या बदलात तेच सैल झाले.

वर ज्या दुसऱ्या बाजूचा उल्लेख केला ती अशी. रंग ठरवणारा नियम यंत्रावरच लागू होत असेल, तर प्रत्येक वापरणाऱ्याला आपला नियम निवडू देण्यात तांत्रिक अडचण फारशी नाही. किंबहुना गूगलचा नकाशा स्वतःच्या संकेतस्थळावर बसवणाऱ्या विकसकांना त्याचे रंग हवे तसे ठरवण्याची सोय 2010 पासून आहे. सामान्य वापरणाऱ्याला मात्र उजळ आणि गडद एवढीच निवड मिळते. थरांच्या बटणात सामान्य, उपग्रह आणि भूरूप यांच्या शेजारी ठळक रंगांचा एक चौथा पर्याय ठेवला, तर 2023 पासून साचलेल्या तक्रारींपैकी मोठा भाग निकाली निघेल, अशी माझी खात्री आहे.

तोवर माझे मत असे आहे. रहदारी टाळून ठरलेल्या ठिकाणी पोहोचायचे असेल तर गूगल मॅप्सचे आजचे रूप समाधानकारक आहे आणि त्यातील मार्ग दाखवणारी निळी रेषा पूर्वीपेक्षा स्पष्ट आहे. एखादा परिसर वाचून समजून घ्यायचा असेल, विशेषतः पायी किंवा सायकलने, तर मी ओपनस्ट्रीटमॅप उघडतो. ज्यांना फिक्या छटांचा त्रास होतो त्यांनी गडद रूप एकदा वापरून पाहावे, आणि तरीही रस्ते वेगळे दिसत नसतील तर ॲपमधील अभिप्रायाच्या सोयीतून तसे कळवावे. कळवताना कोणते दोन रस्ते, कोणत्या झूमवर आणि कोणत्या प्रकाशात वेगळे दिसले नाहीत ते नेमके लिहावे.